‘आता थांब’ हे पेशीला कोण सांगते?

मधल्या सुट्टीत पळापळ करताना एखादा मुलगा पडतो आणि त्याचा गुडघा खरचटतो. आपण जखम धुऊन औषध लावतो. दोन दिवसांत खपली धरते, आठ-दहा दिवसांनी ती गळून पडते आणि खाली नवी, गुलाबीसर कातडी दिसू लागते. वर्गात हा विषय निघाला, की आपण सांगतो, “जखमेच्या कडेच्या पेशींचे विभाजन होते आणि नवी त्वचा तयार होते.” उत्तर बरोबर असते. मुले ते लिहूनही घेतात. पण एखादी चौकस मुलगी मध्येच विचारते, “बाई, मग जखम भरल्यावर त्या पेशी थांबतात कशा? त्यांना कोण सांगतं?”

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो जीवशास्त्रातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे. पेशी वाढतात कशा याचा अभ्यास पुष्कळ झाला. त्या वेळेवर थांबतात कशा याच्या उत्तराचा एक मोठा भाग मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांतच हाती आला. गंमत अशी, की हे उत्तर माणसाच्या त्वचेत सापडले नाही. ते सापडले जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या त्वचेत, आणि ज्यांना सापडले ते कर्करोगाचा अभ्यास करत नव्हते. पुढे हीच आज्ञा माणसाच्या त्वचेतही सापडली आणि त्वचेच्या कर्करोगात ती हरवलेली असते असे दिसून आले. त्या शोधाची ही हकिगत आहे.

बाहेरून दिसलेली कारणे

कर्करोगाचे कारण प्रथम नेमके सापडले ते त्वचेवरच. त्वचा डोळ्यांना दिसते, त्यामुळे हे स्वाभाविकच होते. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना वृषणाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध काजळीशी जोडला. लहानपणापासून अरुंद धुराड्यांत उतरणाऱ्या या मुलांच्या अंगावर काजळीची पुटे चढलेली असत. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. पॉट यांचा संशय अशा रीतीने प्रयोगाने खरा ठरला.

आपल्या देशातही त्वचेच्या कर्करोगाच्या अशा खुणा नोंदवल्या गेल्या. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत, पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची रीत आहे. त्या उष्णतेने पोटाच्या आणि मांडीच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ साली केले. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. भारतातील चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात सांगितले होते. त्यांपैकी एक होता ‘धोतराचा कर्करोग’. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्याच जागी त्वचा सोलवटत राहते, चट्टा पडतो आणि काही जणांत तेथे कर्करोग होतो. पुढे साडीच्या परकराच्या घट्ट नाडीनेही असेच घडल्याच्या नोंदी झाल्या.

काजळी, डांबर, निखारे, घर्षण आणि गोऱ्या लोकांच्या देशांत सर्वांत मोठे कारण म्हणजे सूर्याचे अतिनील किरण. ही कारणे एकमेकांपासून किती वेगळी! पण परिणाम एकच. त्वचेतल्या पेशी विभाजन करत सुटतात आणि थांबत नाहीत. म्हणजे बाहेरचे कारण काहीही असले, तरी पेशीच्या आत काहीतरी समान बिघडत असले पाहिजे. ते काय, हे बाहेरून पाहून कळण्याजोगे नव्हते.

एक मिलिमीटरचा कृमी

१९६३ साली केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी ठरवले, की एका पेशीपासून पूर्ण प्राणी कसा घडतो हे समजून घ्यायचे असेल, तर अगदी साधा प्राणी निवडावा. त्यांनी मातीत राहणारा, पारदर्शक असा एक सूत्रकृमी निवडला. त्याचे नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. शरीर पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत कृमीतली प्रत्येक पेशी विभागताना दिसते. ब्रेनर यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी तासन् तास सूक्ष्मदर्शकापाशी बसून, पुढे रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह, या पेशींची वंशावळ तयार केली. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात ९५९ पेशी असतात आणि त्यांतली प्रत्येक कोणापासून, केव्हा जन्मली हे आज सांगता येते.

हा कृमी वाढताना चार वेळा कात टाकतो. त्याच्या दोन्ही कडांना त्वचेच्या खास पेशींची एकेक रांग असते. प्रत्येक अवस्थेत या पेशींनी कसे विभागायचे याचा क्रम ठरलेला असतो. चौथी कात टाकण्याच्या सुमारास त्या विभाजन थांबवतात, एकमेकींत मिसळतात आणि प्रौढाची कातडी तयार करतात. म्हणजे ‘थांबण्याची वेळ’ हा या त्वचेच्या वेळापत्रकाचाच भाग आहे.

ज्यांचे हे वेळापत्रकच बिघडले होते असे काही कृमी प्रयोगशाळेत सापडले. त्यांपैकी एका प्रकारात बिघाड ‘लिन-४’ नावाच्या जनुकात होता. चाल्फी, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांनी १९८१ मध्ये त्याचे वर्णन केले. लिन-४ बिघडलेला कृमी आकाराने मोठा होतो, पण त्याच्या त्वचेतल्या पेशी मात्र पहिल्याच इयत्तेत अडकतात. बालपणीचे विभाजन त्या पुन्हा पुन्हा करत राहतात. कृमी जास्तीच्या काती टाकतो, पण प्रौढाची कातडी काही येत नाही. अंडी घालण्याचा अवयवही तयार होत नाही.

दुसऱ्या एका जनुकाचे, ‘लिन-१४’चे, वागणे बरोबर उलटे होते. ते नाहीसे झाले, की कृमी पहिली इयत्ता गाळून पुढे उडी मारत असे. आणि लिन-१४ गरजेपेक्षा जास्त काळ चालू राहिले, तर कृमी लिन-४ बिघडल्यासारखा दिसे. यावरून तर्क सरळ होता : लिन-४ हे लिन-१४ला वेळेवर बंद करत असणार. पण कसे?

जूनमधली एक संध्याकाळ

हॉर्विट्झ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत या दोन जनुकांवर दोन तरुण संशोधक काम करत होते, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन. पुढे दोघांनी स्वतंत्र प्रयोगशाळा थाटल्या. अँब्रोस यांनी लिन-४ घेतले, रुव्कुन यांनी लिन-१४.

त्या काळी जनुक म्हणजे प्रथिनाची कृती, ही व्याख्या पक्की होती. डीएनएवरून संदेशवाहक आरएनए आणि त्यावरून प्रथिन, असे दोन बाण आपण आजही फळ्यावर काढतो. म्हणून अँब्रोस यांच्या गटातल्या रोझालिंड ली आणि रोंडा फाइनबाम लिन-४चे प्रथिन शोधू लागल्या. जनुकाचा भाग लहान लहान करत त्या सुमारे ७०० अक्षरांच्या तुकड्यापर्यंत आल्या. त्यातही प्रथिनाची कृती सापडेना. अखेर हाती लागला तो अवघा २२ अक्षरांचा आरएनए! एवढ्याशा आरएनएकडे तेव्हा कोणी पाहतही नसे. पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही प्रयोगशाळेत शिकलो, तेव्हाही आरएनएच्या चाचणीत जेलच्या तळाशी दिसणारा पुसट पट्टा म्हणजे तुटक्या आरएनएचा कचरा, असेच आम्हाला सांगितले जाई.

तिकडे रुव्कुन यांना वेगळेच कोडे पडले होते. लिन-१४चे प्रथिन वेळ आली की नाहीसे होई, पण त्याचा संदेशवाहक आरएनए जवळजवळ तेवढाच राही. म्हणजे संदेश निघत होता, पण वाचला जात नव्हता. शिवाय ज्या कृमींमध्ये लिन-१४ थांबत नसे, त्यांच्यात या संदेशाच्या शेपटाकडचा, प्रथिनाची कृती नसलेला भाग तुटलेला आढळला.

जून १९९२ मध्ये दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळवली आणि फोनवर बोलत ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. लिन-४ची २२ अक्षरे लिन-१४च्या शेपटावरील अक्षरांशी जोडी जमवत होती, आणि तीही एका ठिकाणी नव्हे, तर सात ठिकाणी. तो लहानसा आरएनए संदेशाच्या शेपटाला चिकटत होता आणि प्रथिन बनणे थांबवत होता.

आपल्या शाळेतले उदाहरण घेऊ. ऑफिसातून सूचनावही निघते आणि शिपाई ती वर्गावर्गात फिरवतो. समजा, सूचनेच्या शेवटी कोणी एक छोटी चिठ्ठी चिकटवली, ‘ही सूचना वाचू नये’. वही वर्गात पोहोचते, पण सूचना वाचली जात नाही. चिठ्ठ्या फारच झाल्या, तर ते पानच फाडून टाकले जाते. लिन-४ ही अशी चिठ्ठी होती. डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोन्ही गटांचे लेख पाठोपाठ प्रसिद्ध झाले.

सात वर्षांची शांतता

एवढा मोठा शोध लागल्यावर जगभर धावपळ उडाली असेल, असे वाटेल. तसे काही झाले नाही. कृमीच्या जगातली एक गमतीदार विकृती, एवढीच त्याची नोंद झाली. लिन-४सारखे जनुक दुसऱ्या प्राण्यात कोणाला दिसले नव्हते. तो कृमीचाच काहीतरी विशेष असावा, असे बहुतेकांना वाटले.

२००० साली रुव्कुन यांच्या गटाने दुसरी चिठ्ठी शोधली. तिचे नाव लेट-७, लांबी २१ अक्षरे. लेट-७ बिघडले, की कृमीच्या कडेच्या त्याच त्वचापेशी प्रौढपणीही विभागत राहतात. ‘आता पुरे’ हे त्यांना कळत नाही. त्याच वर्षी याच गटाने इतर प्राण्यांत तिचा शोध घेतला. माशीत, माशात आणि माणसातही लेट-७ सापडला, तोही अक्षरशः तसाच्या तसा. कोट्यवधी वर्षांत त्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. जे इतके जपले गेले ते बिनमहत्त्वाचे कसे असेल?

ऑक्टोबर २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन गटांनी अशा डझनावारी आरएनएंची यादी दिली आणि त्यांना मायक्रोआरएनए, म्हणजे सूक्ष्म आरएनए, असे नाव मिळाले. आज माणसात यांची एक हजाराहून अधिक जनुके ज्ञात आहेत. एकेक सूक्ष्म आरएनए शेकडो संदेशांना चिकटू शकतो. २०२४ साली अँब्रोस आणि रुव्कुन यांना या शोधासाठी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रबंध प्रसिद्ध झाल्याला तेव्हा ३१ वर्षे होत आली होती.

कर्करोगाशी गाठ

विभाजन थांबवणारी चिठ्ठी हरवली तर काय होईल, हा विचार मनात येणे आता साहजिक होते. पहिला पुरावा रक्ताच्या कर्करोगात मिळाला. एका दीर्घकालीन रक्तकर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गायब असतो. त्या तुकड्यावर कर्करोग रोखणारे एखादे जनुक असणार म्हणून अनेकांनी तेथे प्रथिनाची जनुके धुंडाळली, पण दोषी काही सापडेना. २००२ मध्ये कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांनी दाखवले, की तेथे दोन सूक्ष्म आरएनएंची जनुके आहेत. शोधणारे प्रथिन शोधत होते, म्हणून ती दिसली नव्हती.

२००५ मध्ये फ्रँक स्लॅक यांच्या गटाने लेट-७ची आणखी एक कामगिरी दाखवली. माणसाच्या अनेक कर्करोगांत ‘रास’ नावाचे, विभाजनाला चालना देणारे प्रथिन बेफाम झालेले असते. लेट-७ त्याच रासच्या संदेशाला चिकटून त्याला आवर घालतो. कृमीच्या त्वचेला ‘पुरे’ सांगणारी चिठ्ठी माणसातही तेच काम करत होती.

त्वचेचे मजले

आपली बाह्यत्वचा ही अनेक मजल्यांच्या इमारतीसारखी आहे. नव्या पेशी फक्त सर्वांत खालच्या, तळमजल्यावर जन्मतात. तेथून त्या वर सरकू लागल्या, की विभाजन थांबवतात, चपट्या होतात, केराटिनाने भरतात आणि साधारण महिन्याभराने मृत होऊन गळून पडतात. अंघोळीच्या वेळी अंग चोळताना निघतो त्या मळात याच पेशी असतात. म्हणजे तळमजल्याचा जिना चढणे आणि विभाजन थांबवणे ही कामे एकाच वेळी व्हावी लागतात.

हा जिना कोण राखतो? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत रुई यी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून याचे उत्तर दिले. मिर-२०३ नावाचा सूक्ष्म आरएनए तळमजल्यावरच्या पेशींत जवळपास नसतो, पण पेशी वरच्या मजल्यावर पाऊल टाकते तेव्हा तो एकदम भरपूर तयार होतो. पी-६३ नावाचे प्रथिन तळमजल्यावरच्या पेशींना विभाजनक्षम ठेवते. मिर-२०३ त्याच्याच संदेशाला चिकटतो. शास्त्रज्ञांनी मिर-२०३ मुद्दाम तळमजल्यावरच तयार करवला, तेव्हा पेशी अकाली थांबल्या आणि त्वचा पातळ झाली. उलट मिर-२०३ला अडवले, तेव्हा वर चढलेल्या पेशीही विभागत राहिल्या. जखम भरताना हीच यंत्रणा तात्पुरती सैल होते. उंदरांच्या जखमेच्या पुढे सरकणाऱ्या कडेवर मिर-२०३ कमी झालेला आढळला आहे. कडेच्या पेशींना विभाजनाची आणि सरकण्याची मोकळीक त्यामुळे मिळते. लेखाच्या सुरुवातीच्या मुलीचे उत्तर येथे बरेचसे आले. तिच्या मित्राच्या गुडघ्यावर चिठ्ठी काही दिवस काढून घेतली जाते आणि काम झाले की परत लावली जाते.

ती परत लागलीच नाही तर? त्वचेचे तीन मुख्य कर्करोग आहेत. तळमजल्याच्या पेशींसारख्या पेशींपासून बनणारा तळपेशींचा कर्करोग, वरच्या चपट्या पेशींचे रूप घेणारा शल्कपेशींचा कर्करोग, आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा मेलॅनोमा. यांपैकी मेलॅनोमा संख्येने कमी, पण सर्वांत घातक असतो. २०१२ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी दाखवले, की तळपेशींच्या कर्करोगात मिर-२०३ फार कमी झालेला असतो. या कर्करोगाला चालना देणारे संकेतच त्याला दाबून टाकतात. उंदरांतल्या अशा गाठींना बाहेरून मिर-२०३ पुरवला, तेव्हा त्यांची वाढ मंदावली.

अतिनील किरणांचा धागाही येथे येऊन मिळतो. या किरणांनी डीएनए बिघडला, की पी-५३ नावाचे रक्षक प्रथिन पेशीला थांबवते किंवा मरायला लावते. २००७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी दाखवले, की पी-५३ जी जनुके चालू करते त्यांत मिर-३४ या सूक्ष्म आरएनएंच्या गटाची जनुके आहेत, आणि मिर-३४ विभाजनाला लागणाऱ्या प्रथिनांचे संदेश अडवतो. शल्कपेशींच्या कर्करोगात खुद्द पी-५३चे जनुकच अतिनील किरणांनी बिघडलेले अनेकदा सापडते, असे १९९१ मध्येच दिसले होते. रक्षक गेला, की त्याच्या हातची चिठ्ठीही जाते.

घरमालक आणि पोटभाडेकरू

या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट मेलॅनोमाची आहे. १९९८ मध्ये ‘मेलॅस्टॅटिन’ नावाचे एक जनुक सापडले. निरोगी रंगपेशींत ते चालू असे आणि पसरणाऱ्या मेलॅनोमात बंद पडे. निष्कर्ष उघड होता : मेलॅस्टॅटिनचे प्रथिन मेलॅनोमाचा फैलाव रोखत असले पाहिजे.

जनुकावरून संदेश उतरवला जातो तेव्हा त्यातले काही मधले तुकडे कापून टाकले जातात. त्यांना इंट्रॉन म्हणतात. प्रथिनाच्या कृतीत त्यांचे स्थान नाही, म्हणून तेही पुष्कळ काळ टाकाऊ मानले गेले. २०१० मध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटातील कार्मित लेव्ही आणि सहकाऱ्यांनी मेलॅस्टॅटिनचे इंट्रॉन तपासले. त्यांतल्या एकात मिर-२११ हा सूक्ष्म आरएनए राहत होता. मेलॅनोमाच्या पेशींत फक्त मेलॅस्टॅटिनचे प्रथिन वाढवले, तर त्यांची पसरण्याची वृत्ती कमी झाली नाही. मिर-२११ वाढवला, तेव्हा झाली. बारा वर्षे ज्याचे श्रेय घरमालकाला दिले जात होते, ते काम पोटभाडेकरूचे होते! घर बंद पडले की दोघेही जात, म्हणून चूक लक्षात आली नव्हती. दोन गोष्टी एकत्र घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

येथे एक सावधगिरी. सगळ्याच चिठ्ठ्या ‘थांबा’ म्हणत नाहीत. थांबवणाऱ्या प्रथिनाचाच संदेश एखाद्या चिठ्ठीने अडवला, तर परिणाम उलटा होतो. मिर-२२१ आणि मिर-२२२ ही अशी जोडी आहे. विभाजनाला लगाम घालणारे पी-२७ हे प्रथिन ती दाबते. मेलॅनोमा बळावतो तशी ही जोडी वाढते, असे रोममधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. म्हणून सूक्ष्म आरएनए ‘चांगले’ की ‘वाईट’, असा प्रश्नच चुकीचा आहे. चिठ्ठी कोणत्या सूचनेवर चिकटते, यावर सारे अवलंबून असते.

औषधाच्या वाटेवर

हरवलेली चिठ्ठी बाहेरून पुरवली तर कर्करोग बरा होईल का? हा विचार मोहात पाडणारा आहे आणि तो करून पाहिला गेला. मिर-३४चे रूप मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून रुग्णांना शिरेतून देण्याची चाचणी अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झाली. विविध कर्करोगांचे ८५ रुग्ण तिच्यात सहभागी झाले. तिघांच्या गाठी काही प्रमाणात आकसल्या. पण काही रुग्णांत प्रतिकारयंत्रणा भडकून गंभीर परिणाम झाले, चौघे दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

यातून जे शिकायला मिळाले ते महत्त्वाचे आहे. एक सूक्ष्म आरएनए शेकडो संदेशांना चिकटतो. कर्करोगाच्या पेशीत ते उपयोगी, पण रक्तातल्या निरोगी पेशींतही तो शिरला, तर तेथेही तो संदेश अडवणारच. चिठ्ठी योग्य वर्गात पोहोचवणे हे चिठ्ठी लिहिण्यापेक्षा अवघड निघाले. त्वचेच्या कर्करोगावर सूक्ष्म आरएनएचे कोणतेही औषध अजून मंजूर झालेले नाही. वर्तमानपत्रात ‘चमत्कारी’ मथळा दिसला, तर ही गोष्ट आठवावी.

प्रतिबंध मात्र आजही शक्य

चिठ्ठी परत लावणे कठीण असले, तरी ती हरवू न देणे बरेचसे आपल्या हाती आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील नॅम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात १६२१ प्रौढांवर एक पाहणी झाली. निम्म्यांना रोज सूर्यरोधक मलम लावायला सांगितले आणि बाकीच्यांना नेहमीसारखेच वागू दिले. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत रोज मलम लावणाऱ्यांत शल्कपेशींचे कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर त्यांच्यात मेलॅनोमाचे ११ रुग्ण निघाले, तर दुसऱ्या गटात २२.

हे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत. आपल्या त्वचेतले मेलॅनिन बरेचसे अतिनील किरण अडवते, त्यामुळे आपल्याकडे त्वचेचे कर्करोग प्रमाणाने कमी आहेत. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाहीत’ असे नव्हे, आणि आपल्याकडची कारणेही थोडी निराळी आहेत. खानोलकरांचे धोतर येथे पुन्हा आठवावे. एकाच जागी सतत घर्षण, भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे न भरणारी जखम, या ठिकाणी तळमजल्याच्या पेशींना थांबायला सवडच मिळत नाही. प्रत्येक विभाजनाबरोबर चूक होण्याची शक्यता वाढत जाते. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा उन्हात न येणाऱ्या जागी, म्हणजे तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो आणि तेथे तो ‘काळा डाग’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

म्हणून शाळेत आणि पालकसभेत चार गोष्टी सांगाव्यात. कमरेची नाडी किंवा नेसण सैल असावी आणि तिची जागा अधूनमधून बदलावी. न भरणारी जखम किंवा जुन्या व्रणावर नव्याने आलेली गाठ, खरबरीतपणा किंवा रक्तस्राव डॉक्टरांना दाखवावा. तळपायावरचा किंवा नखाखालचा वाढणारा, रंग बदलणारा डागही दाखवावा. आणि दुपारच्या उन्हातल्या कवायतीला टोपी आणि सावली असावी. अंगावर कोड असलेली किंवा जन्मतः मेलॅनिन नसलेली मुले वर्गात असतील, तर त्यांच्यासाठी हे विशेष गरजेचे आहे. अशा मुलाला उन्हात उभे करण्याची शिक्षा तर कधीच देऊ नये.

वर्गात एक छोटा खेळही घेता येईल. एका लांब कागदी पट्टीवर आरएनएची अक्षरे लिहावीत आणि दुसऱ्या २२ अक्षरांच्या पट्टीवर त्यांतल्या काही भागाशी जोडी जमवणारी अक्षरे लिहावीत. चिठ्ठी कोठे चिकटते ते मुलांनी शोधावे. मग एखादे अक्षर बदलून पाहावे. जून १९९२ च्या त्या संध्याकाळी दोन शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले होते.

फळ्यावर डीएनए, आरएनए, प्रथिन असे बाण काढताना यापुढे शेजारी थोडी जागा मोकळी ठेवावी आणि तेथे एक छोटी रेघ काढावी, संदेशाला अडवणारी. ‘थांबतात कशा?’ असे विचारणाऱ्या मुलीला त्या रेघेकडे बोट दाखवून सांगता येईल, की हे तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे, निदान त्याचा एक भाग. उरलेला भाग शोधायचे काम अजून बाकी आहे, आणि ते करायला तिच्यासारखीच माणसे लागणार आहेत.